तारकांचे तेज आणि प्रेक्षकांचे दायित्व

नामवंतांची मांदियाळी ज्या समारंभात जमते त्याचा थाट पाहून डोळे दिपावेत, हे स्वाभाविकच आहे. परंतु तेथे जे तेज आपल्याला दिसते ते त्या व्यक्तींचे स्वतःचे असते, की आपल्याच कौतुकाने त्यांना बहाल केलेले असते, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नसून नीतीचा आहे. सद्गुणाच्या बळावर राज्य करणाऱ्या पुरुषाला कन्फ्यूशिअसने ध्रुवताऱ्याची उपमा दिली आहे. तो आपल्या स्थानी अढळ राहतो आणि इतर तारे त्याच्याभोवती फिरतात. त्याचे तेज पाहणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून नसते. लौकिकाचे तेज मात्र लोकांच्या हातचे, आणि जे बहाल करता येते ते जप्तही करता येते.

अशा जप्तीचा दारुण दाखला शांघाय शहराने पाहिला. रुआन लिंग्यू ही मूकपटांतील थोर अभिनेत्री. मुलाच्या शिक्षणासाठी देहविक्रय पत्करणारी माता तिने १९३४ च्या ‘देवी’ या चित्रपटात एकही शब्द न उच्चारता, केवळ नजरेतून आणि चालीतून साकार केली. पुढच्याच वर्षी ‘नव्या स्त्रिया’ या चित्रपटात तिने वृत्तपत्रांच्या निंदेला बळी पडणारी स्त्री रंगवली, तेव्हा पत्रकार खवळले. त्याच सुमारास पूर्वीच्या सहचराने तिच्याविरुद्ध फिर्याद गुदरली आणि तिचे खासगी आयुष्य चवीने छापले व वाचले जाऊ लागले. ८ मार्च १९३५ रोजी, वयाची पंचवीस वर्षेही पुरी झाली नसताना, तिने आपले जीवन संपवले. अंत्ययात्रेला अफाट लोकसमुदाय लोटला. बलवानांपुढे नमणारी वृत्तपत्रे दुर्बलांवर मात्र केवढा अंमल गाजवतात, हे चिनी साहित्यिक लू शुन यांनी त्याच वर्षी एका निबंधात परखडपणे दाखवून दिले.

प्रसिद्धी जिने पत्करली तिनेच तिची किंमत मोजावी, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो ग्राह्य नाही. अभिनेत्री आपली कला लोकांच्या स्वाधीन करते, आपली अब्रू नव्हे. शिवाय निंदा छापणारा जितका दोषी, तितकाच ती विकत घेणारा. कारण गिऱ्हाईक नसेल तर तो व्यापार एक दिवसही चालणार नाही. म्हणून कलेला मोकळ्या मनाने दाद द्यावी, कलावंताच्या उंबरठ्यापाशी आपली जिज्ञासा आवरावी, आणि निंदेचे पान हाती आलेच तर ते न वाचता बाजूस ठेवावे; एवढे तरी प्रत्येक वाचकाच्या अखत्यारीत आहे.