मातृभोजनाची तबकडी

सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ साली एव्हीसीएचडी पद्धती जाहीर केल्यापासून घरच्या कॅमेऱ्याने टिपलेला मुंजीचा सोहळा साध्या डीव्हीडीवर उतरवून दिवाणखान्यातील दूरदर्शन संचावर त्याच लख्खपणाने आप्तेष्टांना दाखविण्याची जी सोय सामान्य गृहस्थाला झाली, ती हौसेची बाब तर खरीच. परंतु वेदान्ती आणि बौद्ध तार्किक यांच्यात शतकानुशतके चाललेल्या एका दाव्यात तिची साक्ष काढण्याजोगी आहे.

त्या तबकडीत ४.७ गिगाबाइट मावतात. आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला पंचवीस या हिशेबाने सबंध लिहू गेल्यास ती जेमतेम मिनिटभर पुरेल. प्रत्यक्षात तिच्यावर अर्धा तास बसतो, तो असा: मातृभोजनाच्या प्रसंगी बटूच्या पाठीमागची भिंत, चौरंग, ताटाभोवतीची रांगोळी ही एका पूर्ण चित्रात एकदा नोंदली जातात, आणि पुढे काही काळ आईचा घास धरलेला हात जेवढा सरकतो तेवढ्या फरकाचीच काय ती दप्तरी नोंद होते. पडद्यावर जी आई अखंड दिसते, ती तबकडीत फरकांची मालिका असते.

वस्तू टिकत नाही, क्षणोक्षणी नवी उपजते आणि सादृश्यामुळे आपण तिला ‘तीच’ म्हणतो, असे प्रतिपादन करणाऱ्या शान्तरक्षित-रत्नकीर्ती या बौद्ध तार्किकांना याहून सोयीचा दाखला कोणता मिळता? पडद्यापुरता त्यांचा दावा बिनतक्रार मंजूर करावा. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील भाष्यात बाह्य वस्तूविषयी ‘ही तीच की तिच्यासारखी’ असा संशय संभवतो, हे कबूल केलेच आहे. त्यांची हरकत आहे ती हा न्याय पाहणाराला लावण्यास. दहा-बारा वर्षांनी कोचावर बसून तीच तबकडी पाहणारा, आता मिसरूड फुटलेला तो बटू ‘हा घास मी खाल्ला’ असेच म्हणतो. ‘माझ्यासारख्या कोणी खाल्ला’ असे म्हणण्याचे त्याच्या स्वप्नातही येत नाही. पाहणाराही संस्कार पुढे नेणारा प्रवाहच आहे, हे बौद्धांचे उत्तर दुबळे नाही, कारण तबकडीही मागचे पुढे नेतेच. मात्र तबकडी वाचणारे, चरा पडला तर गळालेला मजकूर गणिताने भरून काढणारे यंत्र त्या घासाला आपला म्हणत नाही, आणि एवढ्यासाठी माझा कौल आचार्यांच्या बाजूने आहे.

ज्यांच्या कपाटात अशा तबकड्या असतील, त्यांनी त्या उन्हापासून दूर ठेवाव्यात, कारण लेसरची नोंद ज्या सेंद्रिय रंगाच्या थरात असते तो उन्हाने विटतो. आणि पंगतीतली माणसे ओळखणारे कोणी घरात आहे तोवर त्यांच्याकडून सर्वांची नावे वेष्टनावर लिहून घ्यावीत.