आमेन म्हटल्यावर

पुण्यात १८९३ साली एका प्रार्थनेवरून वादळ उठले. पंडिता रमाबाई विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात आपल्या मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन रोज ख्रिस्ती प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या काही विधवा मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या, त्यामुळे गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंचे म्हणणे सरळ होते : मी कोणाला बोलावणार नाही, पण माझ्या देवाशी चोरून बोलणारही नाही.

त्या वादात बरोबर कोण होते, यावर आजही मतभेद होऊ शकतात. ज्याच्या आधाराने आपण जगतो त्याच्या प्रार्थनेला जाऊन बसणे कितपत स्वेच्छेचे असते, हा प्रश्न खोटा नाही. ख्रिस्ती संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारला पाहिजे. मला मात्र रमाबाईंकडे वळावेसे वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. प्रार्थना माणसाचे काय करते, हे मराठी मुलुखात त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणाच्या आयुष्यात दिसते.

लहानपणी त्यांनी प्रार्थनेचे अपयशच पाहिले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, सारे कुटुंब तीर्थयात्रेत. दुष्काळ आला तेव्हा व्रते, उपास, दानधर्म सारे झाले. होते नव्हते ते संपले आणि आईवडील व बहीण डोळ्यांदेखत गेली. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही आपल्या साक्षीत त्या सांगतात, की ख्रिस्ती धर्म हाती आला, पण खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षे लागली. उपासनेचे शब्द तोंडपाठ असणे आणि देवापुढे उभे राहणे यांत अंतर असते, आणि ते चालायला वेळ लागतो. आपल्या मंडळीत जन्मलेल्या, लहानपणापासून ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा पहिला धडा आहे.

दुसरा धडा त्या प्रार्थनेतच आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर. पण बंद दाराआड एकट्याने म्हणायला तो जी प्रार्थना शिकवतो, तीत ‘मी’ नाही, ‘माझे’ही नाही. पिता आपला, भाकर आपली, अपराधही आपले. माझ्या एकट्याच्या ताटापुरती भाकर मागायची सोयच तीत ठेवलेली नाही. आणि प्रार्थना संपल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीकडे पुन्हा वळतो : क्षमेच्या. तुम्ही इतरांना क्षमा केली नाही तर तुम्हालाही ती मिळणार नाही, असे तो बजावतो. म्हणजे मागणाऱ्याने तोंड उघडताच त्याच्या अंगावर एक काम येऊन पडते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंवर असेच काम येऊन पडले. मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यांना स्वतःचा दुष्काळ आठवला. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. इतक्या जणींना खाऊ घालायला पैसा नव्हता. जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. म्यूलर यांनी ब्रिस्टलमध्ये देवावर भार टाकून हजारो अनाथ मुले वाढवली होती. रमाबाईंनीही तोच भरवसा धरला. पण त्या नुसत्या वाट पाहत बसल्या नाहीत. दौंडजवळ केडगावच्या माळावर या मुलींसाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली, विहिरी खोदल्या गेल्या, शेती पिकू लागली, हातमाग चालले, छापखाना सुरू झाला. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन झाले आणि तिथे ब्रेल शिकवले जाऊ लागले. तिथल्या मुलींना रोजची भाकर मिळाली ती त्यांनी स्वतः नांगरलेल्या शेतातूनही.

१९०५ साली त्याच केडगावात शेकडो मुली दररोज जमून प्रार्थना करीत होत्या. रडणे, पापांची कबुली, रात्र रात्र चाललेली विनवणी, असे ते जागृतीचे दिवस होते. बाहेरचे लोक त्या भावनावेगाकडे संशयाने पाहत. त्या पर्वाची परीक्षा मी एकाच गोष्टीवरून करीन : त्यातून मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या, आणि मुक्तीतले रोजचे काम थांबले नाही. ज्या प्रार्थनेनंतर दळण पडून राहते आणि आजारी शेजारीण तहानलेली राहते, तिच्याबद्दल शंका घ्यायला हरकत नाही. यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या नहेम्यानेही हेच केले. त्याने उपास करून प्रार्थना केली, मग राजाकडे जाऊन लाकूड मागितले, आणि शत्रू चालून येताहेत असे कळताच प्रार्थनेबरोबर पहाराही बसवला.

तिसरा धडा सर्वांत कठीण. मागितलेले नेहमी मिळत नाही. गेथशेमाने बागेत येशूने तीनदा विनवले, तरी प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितले, काटा तसाच राहिला. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी दिलाशाचे एक वाक्यही नाही. पवित्र शास्त्राने असे स्तोत्रही वगळले नाही. म्हणून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे दुःखितांना ऐकवण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुक्तीचा भार जिच्या खांद्यावर ठेवायचा, तीच मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतरही बायबलच्या भाषांतराला बसत राहिल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत, मूळ हिब्रू व ग्रीकवरून, त्यांनी ते एकटीने पूर्ण केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि १९२४ साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. ज्या मागणीला नकार मिळाला, तिच्यापुढेही त्यांची प्रार्थना चालू राहिली.

आपल्या मंडळ्यांत दर आठवड्याला मध्यस्थीची प्रार्थना होते. आजाऱ्यांची नावे घेतली जातात, बेकार तरुणांसाठी, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी विनंती होते, सगळे आमेन म्हणतात आणि चपला घालून घरी जातात. माझी विनंती एवढीच आहे. ज्याचे नाव घेतले त्याच्याकडे उद्या कोण जाणार, डबा कोण पोहोचवणार, दवाखान्यात रात्रभर कोण थांबणार, हे तिथेच, उठण्याआधी ठरवा. कोणीच तयार नसेल, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे नाव घेण्याआधी स्वतःसाठी प्रार्थना करा.