गंज आणि निगा

दसऱ्याच्या दिवशी वाहनांची पूजा करण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. परंतु तुळजाभवानीचे स्थान ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, तेथे नवरात्राच्या ओघात तिला विशेष शोभा येते. मोटारसायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सारी वाहने धुतली जातात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू चिरडले जाते. या पूजेत गाडीची एक बाजू मात्र नेहमी वगळली जाते. गाडीच्या पोटाखाली वाकून कोणी पाहत नाही. जेथे माळ पोचत नाही, तेथे चिखल मात्र नेमाने पोचतो. त्या बाजूस मेणाचा लेप द्यावा की न द्यावा, हा प्रश्न मिस्त्रीच्या दुकानातला वाटेल आणि मासिकाच्या पानांत तो कशास, असेही कोणी विचारील. आमच्या मते त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. जे कोणाला दिसत नाही त्याची निगा राखणे हा केवळ व्यवहार आहे, की ते कर्तव्य आहे?

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग झाला की गंज उत्पन्न होतो. मिठाची साथ मिळाली तर तो अधिक वेगाने वाढतो. ॲल्युमिनियमवर हवेच्या योगाने जो पापुद्रा चढतो तो घट्ट बसून आतील धातूचे रक्षण करतो. गंजाची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, सच्छिद्र असतो, पोपडे धरून सुटतो, आणि ओलावा धरून ठेवून खालच्या ताज्या लोखंडाला पुन्हा उघडे पाडतो. म्हणजे येथे एकदा झालेली हानी पुढच्या हानीची वाट मोकळी करते. ती सुरू होते तीही जोडांच्या फटींत, पत्र्याच्या दुमडीत आणि वाळत चाललेल्या चिखलाच्या थराखाली.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात खरे. बालाघाटाच्या डोंगरावरील आमच्या कोरड्या, अवर्षणाने गांजलेल्या मुलखात त्याची मातब्बरी काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. डांबरी रस्ता न सोडणाऱ्या आणि कोरड्या पडवीत उभ्या राहणाऱ्या नव्या मोटारीला येथे असा लेप न दिला तरी फारसे बिघडत नाही; शिवाय हल्लीच्या पुष्कळ गाड्यांचा पत्रा कारखान्यातूनच जस्ताचा मुलामा घेऊन येतो. परंतु उसाच्या फडातून वाट काढणाऱ्या वाहनाची गोष्ट निराळी. आमची काळी माती पत्र्याच्या दुमडीत एकदा बसली की दिवसचे दिवस ओल धरून राहते. आणि उडालेला खडा जस्ताचा मुलामाही फोडतो. मुंबईत किंवा कोकणात वापरून झालेली जी गाडी कोणी स्वस्तात घेऊन येतो, ती आपल्या सांदीकोपऱ्यांत समुद्राचे मीठ घेऊनच घाट चढते. तेव्हा गरज जोखूनच उपाय करावा; पण गरज जोखण्यासाठी तरी खाली वाकून पाहावे लागतेच.

ही काळजी आमच्या मुलखाला नवी नाही. याच जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात तगर आणि पैठण येथील माल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. जेथे गाडी आली तेथे तिची निगाही आलीच. अगदी अलीकडच्या काळापर्यंत बैलगाडीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असे, आणि चाकाआड लपलेल्या आसाला वंगण दिल्यावाचून शहाणा गाडीवान लांबच्या वाटेला लागत नसे. पावसात मेंढरे राखणाऱ्या धनगराच्या खांद्यावरील घोंगडीवरून पाणी ओघळून जाते, तेही लोकरीतील नैसर्गिक स्निग्धतेमुळे. लोकरीपासून काढलेला तोच स्निग्ध पदार्थ आज गंजरोधक लेपांच्या काही प्रकारांत वापरला जातो. पाण्याला दूर सारणारी स्निग्धता हे तत्त्व जुनेच आहे. बदलला आहे तो केवळ ते तत्त्व लावण्याचा प्रकार.

आज बाजारात जे लेप मिळतात त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला डांबराचा किंवा रबराचा जाड, काळा, टणक लेप. तो खड्यांचा मार सोसतो, आवाज कमी करतो, आणि दिल्या दिवशी तर फारच भरदार दिसतो. परंतु काही वर्षांनी तो कडक होतो, त्याला चिरा पडतात, कडा सुटतात. त्या चिरांतून पाणी आत शिरते. पण त्यास बाहेर पडण्यास वाट राहत नाही. मग वर काळा कवच अखंड दिसत असता आत लोखंड सडत राहते. दुसरा वर्ग मेणाच्या लेपाचा. उडून जाणाऱ्या द्रवात मेण आणि गंजरोधक द्रव्ये विरघळवून ती फवारतात. द्रव उडून जातो आणि मागे पातळ, मऊ थर उरतो. हा थर फटींत झिरपतो, बारीकसा ओरखडा काही अंशी आपणच भरून काढतो, आणि बहुधा मधासारख्या रंगाचा व पारदर्शक असल्यामुळे खालचे लोखंड झाकून टाकीत नाही. त्याचा दोष एकच: तो झिजतो. दरवर्षी पाहावे लागते आणि जेथे तो गेला असेल तेथे पुन्हा द्यावा लागतो. शिवाय तो देण्यापूर्वी गाडी खालून स्वच्छ धुऊन, पुरती वाळवून, सुटा गंज खरवडून काढावा लागतो. पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवावी लागतात. आणि ब्रेकच्या तबकड्या व तापणारा सायलेन्सर यांना त्याचा स्पर्श होऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते.

सामान्य गिऱ्हाइकाचे मन पहिल्या लेपाकडे ओढ घेते, याचे कारण उघड आहे. तो आपल्याला चिंतेतून मुक्त करतो. निदान तसे वचन देतो. एकदा पैसे मोजले की विषय संपला! विषय संपावा ही जी आपली इच्छा, तीच आमच्या मते येथील खरी नैतिक अडचण होय. आपण वर्तनाचे नियमही असेच एकदा जाड थापून ठेवतो आणि मग त्यांच्या आत काय चालले आहे ते पाहत नाही. नियम कडक दिसतो, म्हणून तो अभंग आहे असे आपण समजतो. पुन्हा पुन्हा तपासावी लागणारी सावधगिरी दुबळी भासते खरी. पण तिला आपली झीज ठाऊक असते. अशी सावधगिरी म्हणजे वस्तूंची गुलामगिरी नव्हे काय, असे कोणी विचारील. वर्षातून एक सकाळ गाडीखाली पाहण्यात घालविणाऱ्यास आम्ही गुलाम म्हणणार नाही. न पाहिलेली वस्तूच पुढे आपल्याला न विचारता आपला वेळ घेते, आणि तो बहुधा भलत्या ठिकाणी घेते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा केवळ व्यवहार असेल, तर तीन वर्षांत गाडी विकून टाकणाऱ्याने लेपावर एक पैसाही न खर्चणे हेच शहाणपण ठरेल. परंतु गाडीच्या पोटाखाली ब्रेकच्या पोलादी नळ्याही असतात. गंजाने पातळ झालेली नळी फुटते ती बहुधा ब्रेक जोराने दाबला असता. कारण दाब त्याच क्षणी सर्वांत अधिक असतो. म्हणजे जेव्हा समोर कोणी असते तेव्हाच ती दगा देते. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेने अनवाणी चालणाऱ्या वृद्धेने आपल्या गाडीचा हिशोब केलेला नसतो. तरीही त्या हिशोबात तिचा प्राण धरलेला असतो.

दुसरा माणूस म्हणजे पुढचा खरेदीदार. 1872 च्या भारतीय करार कायद्यातील 17 व्या कलमाने येथे एक सूक्ष्म भेद केला आहे. ठाऊक असलेली गोष्ट कृती करून दडविणे ही फसवणूक होय. पण बोलण्याचे कर्तव्य नसता नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. कायद्याने दिलेले उदाहरण घोड्याचे आहे: लिलावात विकणाऱ्याला घोड्याचे व्यंग ठाऊक असून तो काहीच बोलत नाही, कायदा त्याला दोषी धरीत नाही. आज घोड्याच्या जागी मोटार आली आहे. विक्रीच्या आदल्या दिवशी गंजलेल्या पत्र्यावर काळा लेप फासणारा जाणूनबुजून गंज दडवितो. त्याला कायद्याचाही आधार नाही. गंज ठाऊक असून गप्प राहणाऱ्यास कायदा कदाचित सोडील. पण सद्सद्विवेकबुद्धीचे न्यायालय त्याला तितक्या सहज सोडणार नाही.

आणि तिसरा माणूस प्रत्यक्ष गाडीखाली आडवा झालेला असतो. दुमडीतील चिखल त्याने काढला की त्यावरच मेण मारले, हे गिऱ्हाइकाला कधीच कळणार नाही. त्याच्या प्रामाणिकपणावर आपली सारी भिस्त. मग घाई करून त्याची मजुरी कापणे आणि तोंडाला मास्क नसता त्याला त्या वाफांत काम करू देणे, हे आपल्या विश्वासाला शोभते काय?

एवढ्यावरून आमचा निर्णय स्पष्ट आहे. निगेचा आरंभ स्वार्थात होत असेलही; पण न दिसणाऱ्या लोखंडावर अनेक अनोळखी माणसांचा भार असतो, म्हणून तिचा शेवट कर्तव्यात होतो. सर्वांनी लेप द्यावाच असा आमचा आग्रह नाही. मात्र मृगाचा पाऊस येण्यापूर्वी प्रत्येक गाडीवाल्याने गाडी एकदा खालून धुऊन, उचलून, दिव्याच्या उजेडात नीट पाहावी, आणि जे दिसेल ते पुढे गाडी घेणाऱ्यास खरे सांगावे.