हौसेचं ठिगळ

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा अंगात निळा सुती शर्ट होता. उजव्या कोपरावर तो विरला होता, म्हणून मी आतून एक तुकडा लावून वरून लाल दोऱ्याने ओळीत टाके घातले होते. दोन रविवार त्यात गेले होते. ऑफिसात तिघांनी ‘कुठून घेतलास?’ असं विचारलं होतं. ‘मीच केलंय’ हे सांगताना जी गुदगुली झाली, ती एखादं अवघड फीचर रिलीज करतानाही होत नाही.

आईने दारातच कोपराकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. मी शर्ट धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी तो दोरीवर दिसला नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्री होऊन पलंगावर ठेवलेला सापडला, तेव्हा त्याचा हाफ शर्ट झाला होता. दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापून, आत दुमडून, मशीनवर टीप मारलेली. टीप इतकी सरळ की शर्ट विकत घेतानाच तसा होता असं वाटावं.

मी चिडलो. “विचारायचंस तरी!”

“ठिगळाचा शर्ट घालून लक्ष्मीपूजनाला बसणार होतास?”

“अगं, ते मुद्दाम केलं होतं.”

“तेच तर म्हणतेय,” आई म्हणाली. “मुद्दाम!”

त्या एका शब्दात तिने काय काय भरलं होतं, ते समजायला मला बरेच दिवस लागले. अजून सगळं समजलंय असंही नाही.

माझं शिवणकाम लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरी केलेले कापडी मास्क वापरायला सांगितलं. मी तेव्हा घरून काम करत होतो आणि घरात आईचं पायमशीन होतं. पहिला मास्क तिच्या जुन्या साडीचा. तीन चुण्या, दोन नाड्या, आणि इतका वाकडा की तो माझ्या नाकाऐवजी कानाला जास्त शोभला असता. पण कापडाचा सपाट तुकडा दोन टिपांनंतर उभा राहतो, त्याला आत-बाहेर येतं, याची चटक लागली. मग भाजीची पिशवी, उशीचा अभ्रा, चार्जर ठेवायची बटवी, लॅपटॉपचं कव्हर. हातशिलाईला सुई-दोरा पुरतो, हा यातला मोठा गुण. स्क्रीनसमोर नऊ तास घालवल्यावर कुठलंही नोटिफिकेशन न देणारी वस्तू हातात असणं फार बरं वाटतं.

चुकाही भरपूर केल्या. नवं सुती कापड न धुता पिशवीला अस्तर म्हणून लावलं, पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं आणि पिशवी चुरगळून बसली. विरलेल्या जीन्सला नवंकोरं जाड कापड लावलं, महिन्याभरात ठिगळ शाबूत आणि त्याच्या कडेने जीन्स फाटलेली. आईला फोन केला तर ती हसली. “नव्याचं ठिगळ जुन्याला लावतात का कधी? नवं ओढतं आणि जुनं तुटतं. तेवढंच जुनं कापड बघायचं. आणि कोपरे गोल कापायचे, टोकं आधी उसवतात.”

हे सगळं तिला कुठून माहीत, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आयांना सगळं माहीतच असतं, असं आपण धरून चालतो.

त्या दिवाळीत, शर्टावरून झालेल्या भांडणानंतर, रात्री भांडी आवरताना तिने सांगितलं. सहावीत असताना तिच्याकडे शाळेचा एकच स्कर्ट होता. बाकावर बसून बसून तो मागून विरला. आजीने ठिगळ लावलं, पण त्या रंगाचं कापड घरात नव्हतं. मग आईने वर्षभर शेवटचा बाक धरला. घंटा झाली की सगळ्या मुली बाहेर पडेपर्यंत ती दप्तर आवरत राहायची आणि सर्वांत शेवटी उठायची. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर येत असूनही ‘येत नाही’ म्हणायची, कारण फळ्याकडे तोंड म्हणजे वर्गाकडे पाठ.

“आणि तू लाल दोऱ्याने करतोस,” ती म्हणाली. “लांबून दिसावं म्हणून.”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. आमच्या पिढीकडे ती नेहमीच असतात. पहिलं पर्यावरणाचं: कपडे लवकर फेकू नयेत, एक सुती शर्ट तयार व्हायला हजारो लिटर पाणी जातं. खरं आहे. पण माझ्या बाबतीत जरा हिशेब मांडला. त्या ठिगळासाठी मी खास जपानी पद्धतीच्या टाक्यांचा दोरा, लांब सुयांचा संच आणि खुणा करायची धुऊन निघणारी पेन्सिल मागवली होती. सगळं मिळून शर्टाच्या किमतीच्या वर गेलं. पृथ्वीने माझ्यावर फार विसंबू नये.

दुसरं उत्तर श्रमप्रतिष्ठेचं. त्यावर आईने एवढंच विचारलं, “मी वीस वर्षं गावातल्या बायकांना फॉल-पिको करून दिलं, ब्लाउज सैल करून दिले. किती जणांनी फोटो काढले?” मुलग्याने सुई हातात धरली की कौतुक, बाईने धरली की ती घरकामात जमा. यावर मी काय बोलणार?

उरलं ते निवडीचं उत्तर. ‘मी नवा शर्ट घेऊ शकतो, तरी घेत नाही.’ मला हे नैतिक वाटत होतं, संयमाचं वाटत होतं. पण ते वाक्य नीट वाचा. त्याचा पहिला अर्धा भागच मोठ्याने ऐकू येतो. माझं ठिगळ ‘छान’ दिसतं, कारण त्याच्या शेजारी ऑफिसचं ओळखपत्र लटकतंय, पायात बरे बूट आहेत, खांद्यावर लॅपटॉपची बॅग आहे. या सगळ्या वस्तू ठिगळाच्या वतीने साक्ष देत असतात की, बाबांनो, गैरसमज नको. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या बाहीलाही ठिगळ आहे. माझ्यापेक्षा बारीक टाक्यांचं आहे. ‘कुठून घेतलंत?’ असं त्यांना कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

म्हणजे टाका तोच, कापड तेच, पण एकासाठी ती ओळख आणि दुसऱ्यासाठी डाग. मग प्रश्न असा: ज्यातून सुटण्यासाठी एका माणसाने जन्म काढला, ते दुसऱ्याने हौसेने अंगावर घालावं का?

हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरी भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिथले शेतकरी भांगेच्या तंतूंचं कापड वापरत आणि दक्षिणेकडून येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या त्यावर थरावर थर शिवत. एकच अंगरखा, एकच पांघरूण पिढ्यान्‌पिढ्या चाले. त्याला ‘बोरो’ म्हणतात, म्हणजे साधारण ‘चिंध्या’च. पुढे सुबत्ता आल्यावर घरोघरी त्याची लाज वाटू लागली आणि पुष्कळ बोरो नाहीसे झाले. चुझाबुरो तानाका नावाच्या संशोधकाने गावोगाव फिरून ते गोळा केले, २००९ मध्ये टोकियोत त्यांचं संग्रहालय सुरू झालं. आज बोरो कलादालनात टांगतात, फॅशनवाले त्याची नक्कल करतात. माझे लाल टाके त्याच वाटेने, व्हिडिओंतून, माझ्यापर्यंत आले होते. माझ्या आजीच्या वाकळीवरून येऊ शकले असते, पण नाही आले. याचीही मला थोडी लाज वाटते.

अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतली गोष्ट अशीच. गुलामांच्या वंशज असलेल्या तिथल्या बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, कारण घरं थंड होती. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. २००७ मध्ये त्यांतल्या काही जणी कोर्टात गेल्या, की या सगळ्या कौतुकातले आमचे पैसे कुठे आहेत? खटले पुढे मिटले. पण आईचा फोटोचा प्रश्न आणि हा प्रश्न एकमेकांपासून फार लांब नाहीत.

आपल्याकडे कपड्यांचा हा वाद याहून खोल गेलेला आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधींनी नेहमीचा वेश सोडून आखूड पंचा नेसायला सुरुवात केली. गरिबांना जे मिळत नाही ते आपणही घालायचं नाही, हा विचार. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की जात ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने सोडून द्या. स्वतः ते सुटात वावरत. शाळेत हे दोन्ही प्रसंग मी वेगवेगळ्या धड्यांत वाचले होते, शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. एकाने अंगावरचं कमी केलं, कारण त्याच्याकडे कमी करण्यासारखं होतं. दुसऱ्याने सांगितलं, तुमच्या अंगावर जे लादलंय ते उतरवा. मला गांधींचा पंचा खोटा वाटत नाही, त्यांनी तो मरेपर्यंत निभावला. पण सहावीतल्या माझ्या आईला त्या वर्गात पंचाचा काय उपयोग होता? तिला न फाटलेला स्कर्ट हवा होता.

इथपर्यंत आल्यावर मी सुई ठेवून द्यायला हवी होती. महिनाभर ठेवलीही. कपाटात लाल दोऱ्याचं गुंडाळं दिसलं तरी अपराधी वाटायचं.

पण मग आजीच्या वाकळीचं काय करायचं? आमच्या घरी ती अजून आहे, दिवाणाच्या पोटात. चार-पाच जुन्या लुगड्यांचे थर, कडेने आत-आत जाणारा धावदोरा. वापरून इतकी मऊ झालीय की हातात घेतली तर कापडापेक्षा कातडीसारखी लागते. ती गरजेपोटीच शिवली होती, त्यात वाद नाही. पण तिच्या मधोमध एक चौकोन आहे, त्याला चारही बाजूंनी लाल काठ जुळवून लावलेत. चारही कोपऱ्यांत हिरव्या त्रिकोणी चिंध्या आहेत. ऊब चौकोनाने वाढत नाही. कोपऱ्यात हिरवं असलं काय, नसलं काय, थंडीला फरक पडत नाही. जी वस्तू रोज रात्री माणसांच्या पाठीखाली जाणार, ज्याचा फोटो कधीच निघणार नाही, तिच्यात कुठला काठ कुठे बसवायचा यावर आजीने विचार केला होता. शेतातून आल्यावर, कंदिलाच्या उजेडात.

गीज बेंडच्या मिसुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तिच्या उबेत त्याची आठवण राहावी म्हणून, असं त्यांच्या लेकीने पुढे सांगितलं. हीसुद्धा गरजच होती, थंडी होतीच. पण गरज आणि माया यांच्यात शिवण कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येईल का?

मी आईला वाकळीतले हिरवे कोपरे दाखवले. ती बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, “माझ्या स्कर्टाला पण तिने मूळ शिवणीच्या रेषेत लावलं होतं. रंग नव्हता, पण रेष चुकवली नव्हती.” चाळीस वर्षांत हे तिने पहिल्यांदाच म्हटलं असावं. थोड्या वेळाने पुढे म्हणाली, “पण मुलींना रंगच दिसला.”

माझी चूक मला तेव्हा थोडी दिसली. ठिगळ सुंदर असू शकतं असं मला वाटलं, त्यात चूक नव्हती. ते सौंदर्य आपल्याला सापडलं, आपल्याआधी तिथे नुसती गरिबी होती, असं मी धरून चाललो होतो. आजीला दिसत होतं. तिला ते कुणाला दाखवायचं नव्हतं, आणि आईला ते लपवायला लागलं. दोघींमधलं काहीच माझ्या वाट्याला आलेलं नाही.

एक अवांतर. आमच्या धंद्यात ‘पॅच’ हा शब्द दिवसातून दहादा येतो. सुरुवातीच्या काळात प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर असत, चूक सापडली की तेवढा भाग कापून दुरुस्त तुकडा चिकटवत. खरंखुरं ठिगळ. चांगला पॅच तो, जो वापरणाऱ्याला कळतच नाही. कपड्यात त्याला रफू म्हणतात: त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढून भोक विणून काढायचं. कपडा दुरुस्त झाल्याचं दिसावं की दिसू नये, हा मला पूर्वी आवडीनिवडीचा प्रश्न वाटायचा.

फेब्रुवारीत ताईला सातवा महिना लागला तेव्हा दुपटं शिवायचं ठरलं. आजीचं एक अंजिरी लुगडं ट्रंकेत राहिलं होतं. मला वाटलं, आई त्याला कात्री लावू देणार नाही. मी भाषणही तयार ठेवलं होतं, की ट्रंकेत जपून ठेवण्यापेक्षा वगैरे. तिने काठाशी कात्रीने एक छेद दिला आणि दोन्ही हातांनी लुगडं टर्रकन फाडलं. “सुती आहे, सरळ फाटतं. कापलं तर वाकडं जातं.” आजीचं शेवटचं लुगडं चार मिनिटांत चार तुकडे झालं.

आम्ही दोन्ही बाजूंनी शिवायला बसलो. माझे टाके बारीक, एकसारखे, मोजून घातल्यासारखे. तिने दोन ओळी पाहिल्या आणि म्हणाली, “एवढे दाट नकोत. कडक होतं, बाळाला टोचेल. आणि गाठ वर ठेवू नकोस, थरात लपव.”

मी अर्धी ओळ उसवून परत घातली. फोन बाजूला होता. फोटो काढायचं मनात आलं, नाही असं नाही. काढला नाही, आणि काढला असता तरी फार बिघडलं असतं असं आता वाटत नाही. ताईने बाळ झाल्यावर स्वतःच काढून सगळ्यांना पाठवला, त्यात दुपट्यापेक्षा बाळ जास्त आहे.

तो हाफ शर्ट मी ऑफिसला घालतो. त्याबद्दल अजून कुणी काही विचारलेलं नाही.