पोतं आणि पिंप

हुबळीहून धारवाडच्या रस्त्याला लागलं, उणकलचं तळं मागे पडलं, की थोड्याच वेळात अमरगोळ येतं. कधीकाळचं स्वतंत्र गाव, आता जुळ्या शहराच्या पोटात गेलेलं. इथे बाराव्या शतकातलं बनशंकरीचं देऊळ आहे आणि बाजार समितीचं भलंमोठं आवार आहे. बनशंकरी म्हणजे शाकंभरी, दुष्काळात लेकरांना शाकभाजी पुरवणारी. बाजाराच्या आवारातल्या वखारी तरी वेगळं काय करतात? सुगीत आलेलं थोपवून धरायचं आणि टंचाईत बाहेर काढायचं. आवारात शिरल्यावर तागाच्या पोत्यांचा वास नाकात बसतो. थप्पीच्या तळाशी बघितलं तर सांडलेले दाणे, भुसा, आणि दोन पोत्यांमधली ती काळोखी फट. माझी नजर नेहमी त्या फटीकडे जाते. रोगांच्या भूगोलाबद्दल बोलायचं तर सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं.

आपल्याकडे हा भूगोल 'हवापाणी' या एका शब्दात संपतो. अमक्या गावचं पाणी बाधलं, तमक्या गावची हवा मानवली. कुमार गंधर्वांना क्षय झाला तेव्हा कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले, ही गोष्ट प्रत्येक रसिकाला ठाऊक असते. धारवाडची ख्याती तर निवृत्तीनंतर राहायला उत्तम हवा अशीच. या शब्दात चूक काही नाही, पण हवा आणि पाणी जणू वरून पडतात आणि आपण फक्त सोसायचं, असा एक भाव त्यात लपलेला असतो. चरकाने तसं म्हटलं नव्हतं. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आख्खा मुलूख ओस पाडणाऱ्या रोगाची चार कारणं दिली आहेत: वायू, उदक, देश, काल. आणि ही चारही बिघडतात कशाने, तर अधर्माने, ज्याची सुरुवात राज्यकर्त्यांपासून होते. धर्म-अधर्म बाजूला ठेवा. पण हवापाणी बिघडवणारा हात माणसाचा असू शकतो, एवढं त्याने दोन हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवलं.

तेव्हा हुबळीचा प्लेग बघू. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे धान्याची वखारच. तिथून रोग रेल्वेच्या रुळांवरून देशावर आला. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातलं, सुमारे पन्नास हजार वस्तीचं, कापसाच्या व्यापाराचं आणि सदर्न मराठा रेल्वेच्या कारखान्याचं गाव. 1898 च्या पावसाळ्यात तिथे प्लेग भडकला. त्याच मे ते सप्टेंबरात डॉ. ल्यूमन यांनी हाफकिनची प्लेगवरची लस तीस हजारांहून जास्त लोकांना टोचली. जगाच्या वैद्यकात हुबळीचं नाव गेलं ते या प्रयोगामुळे. टोचून घेतलेल्यांत मृत्यू बरेच कमी झाले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने आकड्यांच्या नेमकेपणाबद्दल शंका घेतली, तरी लस उपयोगी हे मान्य केलं.

पण हुबळीच का, आणि पावसाळ्यातच का? त्याचं उत्तर नंतर मिळालं. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्येच कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदरावरची पिसू हा रोग वाहते. कमिशनने ते झटकून टाकलं. 1905 नंतर परळच्या प्रयोगशाळेतल्या पथकाने तेच पक्कं केलं. पिसवेच्या पोटात जंतूंचा बोळा बसतो, रक्त पुढे सरकत नाही, मग उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावत सुटते. उन्हाळा कडक झाला की तो बोळा विरघळतो आणि कोरड्या हवेत पिसूही टिकत नाही. म्हणजे धारवाड भागातली ती दमट, गारेगार, पेन्शनरांना मानवणारी हवा पिसवेलाही तितकीच मानवते! मद्रासच्या बाजूला उंदरांवर पिसवेची वेगळी जात जास्त होती, तिथे प्लेग फारसा रुजला नाही. इतका हा भूगोल बारीक आहे.

तरीही हवा ही अर्धीच गोष्ट. त्या हवेत उंदीर माणसाच्या उशाशी आणला कोणी? धान्याने. 1896-97 हे दुष्काळाचं साल. दुष्काळ पाहिलेला माणूस धान्य घराबाहेर ठेवत नाही. कणगी माजघरात, पोती माळ्यावर, आणि जमीन कोरडी असेल तिथे पेव. धारवाडकडे त्याला हगेवु म्हणतात; सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, ती याच जातीची. (पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नये, कोंडलेल्या हवेने माणूस मरतो, हे जुनी माणसं आवर्जून बजावतात.) साठवण ही घराची अक्कल होती. उंदीर त्या अकलेच्या मागे आला आणि पिसू उंदराच्या मागे. सरकार मात्र माणसांच्या मागे लागलं: आगगाडीतल्या उतारूंची तपासणी, काखेतल्या गाठी चाचपणं, घरात शिरून कार्बोलिक फवारणं. त्या दांडगाईतून पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. दाण्याची पोती, त्यांच्यातल्या पिसवांसकट, एका ठेसनावरून दुसऱ्या ठेसनावर सुखाने चालली होती. लोकांना मात्र मर्म कळलं होतं. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या. पिसू आणि जंतू त्यांना ठाऊक नव्हते, पण धान्याच्या घरापासून लांब जायचं हे कळत होतं.

शंभर वर्षांनी तेच पुन्हा दिसलं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी भीतीने घरं सोडली आणि धान्य आतच राहिलं. उंदीर माजले. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा ताप आला, तेव्हा अभ्यासकांनी जे कारण सांगितलं ते हेच. पुढच्या महिन्यात सुरत प्लेगने हादरली ते सगळ्यांच्या लक्षात आहे, मामला कोणाच्या नाही.

आता पोतं सोडून पिंपाकडे येऊ. हुबळी-धारवाडला मलप्रभेचं पाणी येतं, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराजवळच्या रेणुकासागरातून. धरण भरलेलं असो की रिकामं, या शहरातल्या बहुतेक वस्तीने नळाला पाणी दररोज आल्याचं कित्येक वर्षांत पाहिलं नाही. पाच-सहा दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. पाणी आल्याची बातमी गल्लीत 'नीर बंतु' एवढ्या दोन शब्दांत फिरते आणि मग जे काही धावपळीचं नाटक सुरू होतं ते पाहण्यासारखं असतं. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी पहिली दहा मिनिटं नळ मोकळाच सोडतात; त्या पाण्याला लालसर झाक असते, ते मोरीत जातं. मग हंडे, घागरी, निळं पिंप, न्हाणीतला हौद, जुने रंगाचे डबेसुद्धा. सगळं भरलं तरी जुन्या पिंपातलं तळाचं वीतभर पाणी आजी ओतून देत नाहीत. "उद्या आलंच नाही तर?" हा प्रश्न त्यांच्या तोंडी पाठ आहे.

आजींचं ते पहिलं पाणी सोडून देणं शास्त्राने खरं ठरवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी याच शहरात दोन तऱ्हेच्या वस्त्यांची तुलना केली: काही प्रभागांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं होतं, बाकीच्यांत तेच जुनं वेळापत्रक. खंडित पुरवठ्याच्या नळांतले जवळजवळ एकतृतीयांश नमुने मलजंतूंनी दूषित निघाले. चोवीस तासांच्या नळांत शंभरात एकही नाही. पाणी बंद असताना नळवाहिनीत दाब राहत नाही आणि चिरांतून आजूबाजूची घाण आत शोषली जाते. 2015 मध्ये छापून आलेल्या, 3,922 घरांच्या अभ्यासात चोवीस तास पाण्याच्या वस्तीत टायफॉइड झालेली घरं 42 टक्क्यांनी कमी होती, आणि गरीब घरांतल्या मुलांची रक्तहगवणही बरीच कमी. एकूण जुलाबांत मात्र फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एक कारण घरातच दिसतं: नळ चोवीस तास वाहत असतानाही लोक पाणी भरून ठेवत राहिले. पाइप बदलता येतो. भरवसा बदलायला वेळ लागतो.

आणि तळाचं ते वीतभर पाणी? डेंग्यूच्या डासाची मादी स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला, पिंपाच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. पाणी चढलं की सात-दहा दिवसांत डास तयार. पुरवठ्याचं वेळापत्रक आणि डासाचं आयुष्य असं एकमेकांना जुळून बसलंय. यावर महाराष्ट्रात सरकारी आवाहन ठरलेलं: आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा. आवाहन शास्त्राला धरूनच आहे. पण ज्या घरात सहा दिवसांनी पाणी येतं, तिथे हे सांगणारा माणूस बाईच्या नजरेत कसा दिसत असेल, याचा विचार व्हायला हवा. 1898 मध्ये कार्बोलिकची पिचकारी घेऊन आलेल्या शिपायासारखाच.

प्रत्येक रोगाचं कोडं साठवणीनेच सुटतं असा माझा दावा नाही. दोडामार्गात 2016 मध्ये माकडतापाची साथ आली ती गोचिडांतून, काजूच्या बागा आणि जंगल यांच्या सीमेवर. तिथलं गणित वेगळं. हुबळी-धारवाडपुरतं बोलायचं तर माझ्या मते रोगाचा नकाशा डोंगर-नद्यांवरून कमी आणि अनिश्चिततेवरून जास्त काढला जातो. धान्य उद्या मिळेल की नाही, पाणी उद्या येईल की नाही. साठवण हा त्या अनिश्चिततेवरचा शहाणा उतारा आणि रोग हा त्या शहाणपणावर बसलेला कर. तो भरतात ते मुख्यतः एका खोलीत राहणारे, कारण झाकणाची टाकी गच्चीवर बसवायला आधी गच्ची लागते.

एक मागणी मात्र करतो, ती महापालिकांनाही आणि वर्तमानपत्रांनाही. डेंग्यूच्या मोसमात प्रभागवार रुग्णांचे आकडे छापले जातात. त्याच तक्त्यात शेजारी एक रकाना वाढवावा: या प्रभागात नळाला पाणी किती दिवसांनी येतं.