अजाणतेची प्रदक्षिणा

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि त्यामुळे वाटोळ्या चौकात शिरणारे प्रत्येक वाहन, मग त्याचा चालक आस्तिक असो वा नास्तिक, मध्यभागी जे काही उभे असेल त्यास आपल्या उजव्या हाताशी ठेवूनच वळते. गाभाऱ्याभोवती फिरणारा भाविक नेमके हेच करतो. रहदारी खात्याने हा नियम अमलात आणताना धर्मशास्त्र्यांचे मत मागविले असेल असे वाटत नाही. तथापि त्याच्या हुकुमाने सारे शहर अहोरात्र प्रदक्षिणा घालीत आहे, एवढे खरे. क्वचितच कोणी ती पूर्ण करतो, ही गोष्ट निराळी; पण शिवालयात सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ, न ओलांडता मागे फिरण्याचा प्रघात आहेच.

प्रश्न असा की, ज्या कर्मामागे संकल्प नाही त्याचे फळ मिळते काय? आणि मिळत असल्यास ते कोणत्या देवतेकडून?

मुंबईत देवनारहून कोटात, म्हणजे फोर्ट भागात, जाणाऱ्या माणसाला या प्रश्नाची दोन उदाहरणे वाटेवरच सापडतात. पहिले फ्लोरा फाउंटनचे. फुलांची ही रोमन देवता १८६४ पासून तेथे उभी आहे. तिची प्राणप्रतिष्ठा कोणी केली नाही, तिला नैवेद्य नाही की उत्सव नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या कारकून तिच्या बाजूने कचेरीत गेले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या जमावावर तेथे गोळीबार झाला, आणि पुढे त्या जागेला हुतात्मा चौक हे नाव लाभले. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आता तिच्या शेजारी उभे आहेत. त्या स्थळाचे पावित्र्य देवतेकडून आले नाही. रस्त्यावर चालत आलेल्या माणसांनी ते तेथे आणून ठेवले.

दुसरे उदाहरण काळ्या घोड्याचे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाच्या भेटीची स्मृती म्हणून सॅसून यांनी दिलेला, अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये उभारला गेला आणि १९६५ मध्ये त्याची राणीच्या बागेत रवानगी झाली. रूप गेले; नाम मात्र तसूभरही हलले नाही. लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले, आणि २०१७ मध्ये तेथे पुन्हा घोडा आला तो पाठीवर स्वार नसलेला. आपल्या पूजाविधीत आवाहनाच्या जोडीला विसर्जनही सांगितले आहे; सरकारी दफ्तरात अनावरणाचा समारंभ आहे, परंतु विसर्जनाचा मंत्र नाही, केवळ स्थलांतराची तजवीज आहे. त्यामुळे स्वार गेला, तरी त्याचे वाहन लोकांच्या जिभेवर उभेच राहिले.

म्हणजे केंद्रात देवता असावीच असे नाही, मूर्तीही असावी असे नाही. मग उरतो तो केवळ फिरणारा. येथे मला शिवरात्रीच्या कथेतील व्याध आठवतो. झाडावर बसून सावजाची वाट पाहताना त्याच्या हातून बेलाची पाने खाली पडत राहिली, आणि ती पिंडीवर पडत आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. त्या अजाण पूजेने तो तरला, असे आपण सांगतो; पण कथेचा उत्तरार्ध आपण घाईने उरकतो. हरिणी पिलांना भेटून परत येते म्हणाली आणि त्याने तिला जाऊ दिले. ती वचनाला जागून परतली तेव्हा त्याने धनुष्य खाली ठेवले. पाने पडली ती नकळत, पण धनुष्य खाली ठेवले ते जाणून.

देवनारला परतताना हा विचार मला गैरसोयीचा होतो. १९२७ पासून शहराने जे जे नकोसे मानले त्याचे विसर्जन येथील कचराभूमीत झाले आणि त्याचे डोंगर उभे राहिले. त्यांच्याभोवती वाटोळा चौक कोणी आखला नाही. प्रदक्षिणा घालतात त्या घारी, आणि खाली वाकून कचरा वेचणारी माणसे शहराने फेकलेल्यातून पुन्हा किंमत शोधीत असतात. तेथून जाताना आमच्या बसमधील प्रवासी, त्यांत मीही, नाकाला रुमाल लावून तोंड फिरवितात. व्याधाला धनुष्य खाली ठेवावे लागले होते. आम्हाला रुमालच तेवढा खाली घ्यायचा आहे.