कापूस गिरणीत, पऱ्हाटी बांधावर

लालबाग-परळच्या गिरण्यांनी शतकभर जे कातलं आणि विणलं, ते मुळात ग्लुकोजच. कापसाचा तंतू म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची सरळ साखळी, सेल्युलोज. तांदळातलं स्टार्चही ग्लुकोजचंच. फरक फक्त जोडणीचा. तेवढ्यावर एकाचा भात होतो, दुसऱ्याचं धोतर.

साइझिंग खात्यात ताण्याच्या सुताला स्टार्चची खळ चढवत आणि कापड विणून झालं की ती एन्झाइमने विरघळवून धुऊन काढत. स्टार्च फोडण्याची विद्या गिरणगावात होती, पण खळीपुरती. धाग्याला धक्का लागता कामा नये, ही अट. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, तोही वस्त्ररसायन शिकवतच. माटुंग्याच्या त्याच संस्थेत, आजच्या आयसीटीत, डॉ. अरविंद लाली आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रश्न घेतला: इथेनॉल बनवायला काडीतलं सेल्युलोज तुटावं कसं? त्यांच्या तंत्रावर २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला रोज १० टन काडीकचरा पचवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला.

काडीत सेल्युलोज एकटं नसतं. हेमिसेल्युलोज त्याला वेढून असतं आणि लिग्निन विटांमधल्या चुन्यासारखं सगळं सांधून ठेवतं. आम्ल, अल्कली, वाफ यांनी आधी ही पकड सैल करायची, मग एन्झाइम सोडायचं. जगभर ते बहुधा ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीकडून घेतात. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान फस्त करणारी ती हीच! सुटलेलं ग्लुकोज यीस्ट आवडीने आंबवतं. हेमिसेल्युलोजमधल्या झायलोजला मात्र नेहमीचं यीस्ट तोंड लावत नाही.

तरी खरा पेच मला रसायनात दिसत नाही. कापूस दाबून गाठी बांधल्या की रेल्वेने शेकडो मैल आणणं परवडायचं. कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्याच व्यापारातलं. पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं, हलकी, आडवीतिडवी. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. विदर्भात ती चुलीलाही लागते. उरलेली शेतात उभी ठेवावी तर गुलाबी बोंडअळीला आसरा, म्हणून उपटून बांधावर पेटवली जाते. गिरणीने शेतकऱ्याला कापसाचा भाव तरी दिला, कधी बरा, कधी पडलेला. पऱ्हाटी विकून ती गोळा करणाऱ्यांची मजुरीही सुटली नाही, तर तो काडी ओढणारच. आणि त्याला बोल लावणं मला तरी जमणार नाही.